पिवळा, हिरवा आणि हळद : चिखलदऱ्याच्या पठारावरून एका वर्णनामाचा विचार

चिखलदरा हे गाव अमरावती जिल्ह्यात, सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. पावसाळ्यात या पठारावरील गवत व उतारांवरील सागवन हिरवेगार असते. कार्तिकानंतर गवत पिवळे पडू लागते, आणि फाल्गुनाच्या सुमारास निष्पर्ण गणेरीवर, म्हणजे अन्यत्र जिला सोनसावर म्हणतात तिच्यावर, ठळक पिवळी फुले येतात. परंतु हिरवा कोठे संपला आणि पिवळा कोठे सुरू झाला, हे सांगणारी रेषा त्या गवतात दाखविता येत नाही. ती रेषा भाषेत असते. मराठीला ती कोणत्या वाटेने प्राप्त झाली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम निसर्गाची बाजू पाहू. पानातील हिरवा रंग हरितद्रव्याचा असतो. पान जून होऊ लागले की हरितद्रव्याचे विघटन होते आणि मुळात पानातच असलेली, परंतु झाकली गेलेली, पिवळी द्रव्ये दृष्टीस पडतात. म्हणजे पिवळेपणा पानात बाहेरून येत नाही. तो हिरव्याच्या आड असतोच. डोळ्याची रचनाही अशीच सूचक आहे. पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सामान्यतः ५७० ते ५९० नॅनोमीटर मानली जाते. परंतु मानवी नेत्रपटलात केवळ पिवळ्यासाठी असा स्वतंत्र ग्राहक नाही. दीर्घ आणि मध्यम तरंगांना प्रतिसाद देणाऱ्या दोन प्रकारच्या शंकुपेशी जवळजवळ सारख्या उत्तेजित झाल्या की आपल्याला पिवळे दिसते. तांबडा व हिरवा प्रकाश एकत्र केल्यास पिवळ्याचा प्रत्यय येतो, त्याचे कारण हेच होय.

आता शब्दांकडे वळू. वैदिक भाषेत हिरवा आणि पिवळा यांच्यात आज आहे तशी सीमा नव्हती. सोम ‘हरि’ आहे, इंद्राचे घोडेही ‘हरि’ आहेत. ‘हरित’, ‘हरिण’ आणि सोन्याचे नाव ‘हिरण्य’ ही सर्व एकाच कुळातील नामे. या वर्णाचे एक टोक सोन्याकडे, तर दुसरे कोवळ्या तृणाकडे झुकलेले आहे. याचा पुरावा आजच्या मराठीतही जिवंत आहे. संस्कृतात ‘हरिताल’ म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचे पिवळे खनिज आणि ‘हरिताली’ म्हणजे दूर्वा. पहिल्यापासून आपला ‘हरताळ’ आला, दुसऱ्यापासून ‘हरळी’. पोथीतील चुकलेल्या अक्षरांवर लेखनिक हरताळाचा लेप देत, म्हणून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. (दुकाने बंद ठेवण्याचा ‘हरताळ’ निराळा, त्याचा संबंध हाट आणि ताळा यांच्याशी आहे.) एकाच शब्दाच्या दोन रूपांपैकी एक शेताच्या बांधावर हिरवे राहिले, दुसरे पोथीच्या पानावर पिवळे झाले.

ही सीमा पडू लागल्याची एक खूण उपनिषदांत सापडते. बृहदारण्यक आणि छांदोग्य या दोन्ही उपनिषदांत शरीरातील नाड्यांच्या वर्णनात पाच वर्ण सांगितले आहेत. शुक्ल, नील, पिंगल आणि लोहित ही चार नावे दोहींत समान आहेत. पाचव्या स्थानी बृहदारण्यकात ‘हरित’ आहे, तर छांदोग्यात ‘पीत’. विषय एक, यादी एक, आणि नेमका एकच शब्द बदललेला, असे उदाहरण वर्णनामांच्या इतिहासात क्वचित मिळते. पिवळ्या टोकाला स्वतःचे नाव मिळू लागल्याचे ते चिन्ह मानण्यास हरकत नाही. पुढे अमरकोशात ही वाटणी पक्की झालेली दिसते. तेथे ‘पीत’ची ओळख हळदीच्या वर्णाने करून दिली आहे, आणि ‘हरित’ची गणना पलाशाबरोबर, म्हणजे पानाच्या वर्णाबरोबर केली आहे. हळद आणि पान ही दोन मापे ठरली.

प्राकृताच्या अवस्थेचा साक्षीदार हेमचंद्र होय. बाराव्या शतकात गुजरातेत रचलेल्या त्याच्या व्याकरणाच्या आठव्या अध्यायात विद्युत्, पत्र, पीत आणि अंध या चार शब्दांना मूळ अर्थ न बदलता ‘ल’ जोडला जातो, असे सांगितले आहे. ‘पत्तल’ आणि ‘अंधल’ ही त्यातील रूपे मराठीत ‘पातळ’ व ‘आंधळा’ होऊन नांदत आहेत. ‘पीत’ची ‘पीअल’ आणि ‘पीवल’ अशी दोन रूपे तो देतो. मराठीचा ‘पिवळा’ हा दुसऱ्याचा सरळ वंशज आहे. त्याच ग्रंथात हरिद्रा व बिभीतक या शब्दांतील इकाराचा अकार होतो असा नियम आहे. त्यातून ‘हलद्दी’ आणि ‘बहेडअ’, म्हणजे आपली ‘हळद’ आणि मेळघाटच्या जंगलातील ‘बेहडा’, ही रूपे सिद्ध होतात.

अशा रीतीने जुन्या ‘हरि’ कुळाची मराठीत फाटाफूट झाली. ‘हिरवा’ रानाकडे गेला, ‘हळद’ घरात आली. आणि पिवळ्या वर्णाचे सामान्य नाव मात्र दुसऱ्याच घराण्यातून आले. तरीही व्यवहारात पिवळ्याचे माप हळदच राहिली. मुलीचे हात पिवळे करणे म्हणजे तिचे लग्न लावून देणे. अल्पशा यशाने फुगणारा मनुष्य अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो. हळद्या हा पक्षी आणि पिवळसर लाकडाचा हळदू हा वृक्ष यांची नावेही त्याच मापाने पडली. हळदीतील रंजकद्रव्य १८१५ मध्ये व्होगेल आणि पेलेतिये यांनी वेगळे केले. ते क्षाराच्या संपर्कात तांबडे होते. हळदीपासून कुंकू करण्याची परंपरागत कृती या गुणावरच आधारलेली आहे. योगायोग असा की, पानातील हरितद्रव्याला त्याचे पाश्चात्त्य नाव याच पेलेतियेने काव्हाँतूच्या सहकार्याने दिले. त्यासाठी घेतलेला ‘ख्लोरोस’ हा ग्रीक शब्द आपल्या ‘हरि’चा सगोत्र आहे, आणि होमरच्या काव्यात तो कोवळ्या लाकडालाही लागतो व मधालाही.

हे कुळ वऱ्हाडात आणखी एका वाटेने आले. चिखलदऱ्याशेजारील गाविलगड बहमनी सुलतान अहमदशहा याने १४२५ ते १४२८ या काळात बांधविला, असे फिरिश्ता सांगतो. बहमनी, इमादशाही, मोगल आणि निजाम अशा राजवटींतून फारसी ही या प्रदेशाची दरबारी भाषा राहिली. फारसीतील ‘जर्द’ म्हणजे पिवळा. अवेस्तातील ‘झइरित’ आणि संस्कृत ‘हरित’ यांचा तो आप्त. ‘पिवळाजर्द’ या मराठी शब्दात प्राकृत घराण्यातील नाव आणि इराणातून परतलेले ‘हरि’चे भावंड शेजारी बसले आहेत.

येथपर्यंतच्या विवेचनावरून एक गैरसमज होण्याचा संभव आहे. वैदिक लोकांना हिरव्या-पिवळ्यातील भेद दिसतच नसावा, असे कोणास वाटेल. १८५८ मध्ये ग्लॅडस्टनने होमरच्या वर्णनामांवरून प्राचीन ग्रीकांची वर्णदृष्टी अविकसित होती असे अनुमान केले. १८६७ मध्ये गायगरने वेदांचा आधार घेऊन तसाच क्रमविकास मांडला. या तर्काचे उत्तर वऱ्हाडच्या शेजारच्या तेलुगूत आहे. तेलुगूत ‘पच्च’ हा एकच शब्द हिरव्यालाही लागतो आणि पिवळ्यालाही. नेमके सांगावयाचे तेव्हा ‘पसुपु पच्च’, म्हणजे हळदीचा, आणि ‘आकु पच्च’, म्हणजे पानाचा, असा भेद केला जातो. अमरसिंहाने घेतलेली मापे हीच! शब्द एक आहे म्हणून तेलुगू भाषिकाला कच्चा आणि पिकला आंबा ओळखता येत नाही, असे कोणीही म्हणणार नाही. १९६९ मध्ये बर्लिन आणि के यांनी ९८ भाषांच्या आधारे वर्णनामांचा जो क्रम मांडला, त्यातही पिवळा आणि हिरवा आरंभापासून विभक्त धरले होते. उत्तर अमेरिकेतील काही भाषांत पिवळ्या-हिरव्याचा संयुक्त प्रदेश आढळल्यावर त्या मांडणीत दुरुस्ती करावी लागली.

हा प्रश्न चिखलदऱ्यास विशेष लागू आहे. चिखलदरा आणि धारणी या तालुक्यांत बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातील सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय. त्याच कुळातील संथालीत ‘सासाङ’ या एका शब्दाने हळद व पिवळा या दोहोंचा निर्देश होतो. अशा भाषेकडे मराठीचा अभ्यासक मराठी वर्णनामांची यादी घेऊन गेला, आणि त्या यादीतील काही चौकटी रिकाम्या राहिल्या, तर त्या रिकाम्या जागांचा दोष बोलणाऱ्यांच्या बुद्धीवर लादला जाण्याचे भय असते. डोंगरातल्या माणसांविषयी असा निर्णय लौकर दिला जातो, व तो पाठ्यपुस्तकांतून आणि शाळांतून दीर्घकाळ टिकतो. म्हणून ‘पिवळ्याला काय म्हणता?’ हा प्रश्न क्षेत्रकार्यात अपुरा आहे. वाळते गवत, गणेरीचे फूल, हळदूचे लाकूड, ओले हळकुंड आणि कोवळे पान समोर ठेवून त्यांचे वर्णन विचारले पाहिजे, आणि मिळालेल्या उत्तरांच्या सीमा त्या भाषेच्याच म्हणून नोंदविल्या पाहिजेत. आपल्या स्वतःच्या भाषेत हरळी आणि हरताळ ही सख्खी भावंडे आहेत, हे ध्यानात ठेवणाऱ्यास एवढी सावधगिरी कठीण वाटू नये.