धरून बसलेले जिवाणू

डेल्फ्टचा कापड व्यापारी अँटनी व्हान लेवेनहुक रोज मिठाने दात घासायचा. तरीही फटींत पांढरट कीटण उरायचंच. १६८३ साली त्याने ते खरवडून पावसाच्या पाण्यात कालवलं आणि भिंगाखाली धरलं, तर त्यात जीव वळवळत होते. मग व्हिनेगरने चूळ भरून पाहिली. कीटणातले जीव तरीही जिवंत! तेच व्हिनेगर खरवडलेल्या कीटणात कालवलं, तेव्हा मात्र ते लगेच मेले. चुळीतलं व्हिनेगर फक्त बाहेरच्यांना मारतं, थराच्या आत पोचत नाही, असं त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. पृष्ठभागाला चिकटलेल्या जिवाणूंच्या अशा थराला आता बायोफिल्म म्हणतात; कापडवाल्याने तिचं मर्म असं पहिल्याच फटक्यात पकडलं होतं.

पुढे ते मागे पडलं.

पाश्चर आणि कॉख यांच्या काळात जिवाणू एकेकटे वेगळे काढून वाढवायची शिस्त आली. रोगाचं कारण शोधायला ती हवीच होती. पण चंबूतल्या पातळ रश्शात तरंगतो तोच खरा जिवाणू, असा समजही तिच्यासोबत मुरला. मिनेसोटा विद्यापीठाच्या आर्थर हेन्रिसीने तळ्याच्या पाण्यात साध्या काचपट्ट्या बुडवून ठेवल्या, बाहेर काढून रंगवल्या आणि १९३३ साली लिहिलं, की पाण्यातले बहुतेक जिवाणू तरंगत नाहीत, बुडालेल्या पृष्ठभागांवर वाढतात. कॅलिफोर्नियात स्क्रिप्स संस्थेतल्या क्लॉड झोबेलला समुद्राच्या पाण्यात असाच प्रकार दिसला. बाटली जितकी लहान, तितके जिवाणू जास्त, कारण पाण्याच्या मानाने काच जास्त. विरळ अन्न तिच्यावर साचतं. तरीही कॅनडाच्या बिल कॉस्टरटनने १९७८ साली सहकाऱ्यांसह ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये चिकटण्यावर लेख लिहीपर्यंत बाकीच्यांनी याकडे काणाडोळाच केला.

नुसतं चिकटून मात्र भागत नाही. १९९८ साली हार्वर्डमध्ये जॉर्ज ओटूल आणि रॉबर्टो कोल्टर यांनी स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूचे बिघडलेले वाण प्लास्टिकवर सोडले. पोहायची शेपटी निकामी असलेले नीट चिकटलेच नाहीत. ज्यांच्याकडे ओढत सरकायला लागणारे बारीक तंतू नव्हते, ते चिकटले खरे, पण एकेरी थरातच राहिले. त्यांचे पुंजके झाले नाहीत.

२०१३ साली याच जिवाणूची आणखी एक खोड उघड झाली. सरकताना तो मागे चिकट शर्करेची रेघ सोडतो. मागून येणारे त्या रेघेवर जास्त रेंगाळतात, आपलीही शर्करा तिच्यात घालतात आणि जिथे रेघा दाट, तिथेच गर्दी करतात. त्यामुळे सुरुवातीला सगळीकडे पांगलेल्या जिवाणूंपैकी मोजकेच पुंजक्यांचे मूळपुरुष ठरतात.