काचेची पेटी आणि मायेची ऊब : खानदेशातील अपुऱ्या दिवसांच्या जुळ्यांमागचा दीडशे वर्षांचा इतिहास (दीर्घ थ्रेड)

१/ जळगाव किंवा धुळ्याच्या रुग्णालयात नवजात अतिदक्षता कक्षाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या बोलण्यात एक शब्द हमखास येतो : ‘पेटी’. ‘बाळं पेटीत ठेवली आहेत’ एवढ्या एका वाक्यात गावाकडे निरोप जातो. जुळी बाळे दोन पेट्यांत, आई बाळंतपणाच्या वॉर्डात आणि बाप औषधांची चिठ्ठी घेऊन जिन्यावर. या काचेच्या पेटीचा आणि तिच्या दाराशी थांबलेल्या आईबापांचा हा इतिहास.

२/ आधी भूगोल. १८१८ मध्ये इंग्रजी अंमलाखाली आलेल्या खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेश म्हणजे धुळे, ज्यातून १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा झाला. सातपुड्याच्या पायथ्यापासून गिरणा-तापीच्या खोऱ्यापर्यंतची गंभीर बाळंतपणे याच जिल्हा ठिकाणांकडे धाव घेतात. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ चे, तर जळगावचे २०१८ चे. या दोन सनांमध्ये एका पिढीचे अंतर आहे.

३/ जुळ्यांचाच विचार का? कारण निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवडे पूर्ण होण्याआधीच जन्मतात. गर्भाशयाची जागा आणि आईचे पोषण दोघांत वाटले जाते, म्हणून त्यांचे वजनही बहुधा कमी भरते. वैद्यकात २.५ किलोच्या आतले बाळ कमी वजनाचे मानतात. अपुऱ्या दिवसांच्या जुळ्यांची फुप्फुसे कच्ची असतात, त्वचेखाली चरबीचा थर नसतो आणि चोखणे-गिळणे-श्वास घेणे यांचा मेळ अजून बसलेला नसतो.

४/ घरातील वडीलधारी मंडळी अशा वेळी विचारतात, ‘सातव्यातलं की आठव्यातलं?’ सातव्या महिन्यातले बाळ जगते, आठव्यातले जगत नाही, हा समज खानदेशापुरता मर्यादित नाही. प्राचीन ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत आठव्या महिन्याच्या बालकावर स्वतंत्र विवेचन आहे. सुश्रुतसंहितेतही आठव्या महिन्यात ओज अस्थिर असते, म्हणून तेव्हा जन्मलेले मूल जगत नाही, असे मत मांडलेले आहे.

५/ दोन दूरच्या संस्कृतींनी एकच गोष्ट सांगितली, तरी ती खरी ठरत नाही. पोटातील प्रत्येक जादा आठवडा बाळाची शक्यता वाढवतो आणि आठव्या महिन्यातील बाळ सातव्यातल्यापेक्षा अधिक तयार असते. या समजाचे मोल मात्र बाळांनी चुकवले आहे. ‘आठव्यातलं आहे, टिकणार नाही’ असे घराने ठरवले की दवाखान्याची वाट उशिरा धरली जाते.

६/ गांधारीच्या शंभर पुत्रांची आणि तुपाच्या कुंभांची कथा इथे हटकून पुढे केली जाते. ती कथा आहे, यंत्राचा पुरावा नव्हे. मात्र ‘अपुऱ्या गर्भाला ऊब हवी’ ही जाण फार जुनी आहे, एवढे तिच्यावरून दिसते. यंत्र येण्यापूर्वी जगभर कापूस, लोकर, चुलीजवळची जागा आणि माणसाचे अंग यांवरच भिस्त होती. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी हे त्याचेच आपल्याकडील रूप. धूर आणि बंद खोली हा त्या शेगडीचा दोष होता, पण ऊब हा तिचा हेतू योग्यच होता.

७/ १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेश खंड प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने प्राणिसंग्रहालयातील कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले आणि तसेच यंत्र बाळांसाठी करवून घेतले. लाकडी पेटी, खाली गरम पाणी, वर काच. त्या प्रसूतिगृहात २ किलोहून कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर उतरल्याची नोंद झाली. ‘काचेची पेटी’ ती हीच.

८/ तार्निएचा शिष्य पिएर ब्यूदँ याने आणखी महत्त्वाची गोष्ट हेरली. पेटीने बाळ जगते, पण आई त्याच्यापासून तुटली तर तिचे दूध आटते आणि ओढही विरते, असे त्याचे निरीक्षण होते. आईने बाळाजवळ राहावे आणि स्वतःचे दूध पाजावे, असा त्याचा आग्रह असे. १९०० मध्ये आलेल्या त्याच्या ग्रंथात हे विचार आहेत. पेटीच्या पहिल्या वीस वर्षांतच तिची मर्यादा तिच्या जाणकारांनी सांगितली होती. जगाने पेटी उचलली आणि आईची गोष्ट मागे ठेवली.

९/ पुढचा अध्याय जत्रेतला आहे. १८९६ च्या बर्लिन प्रदर्शनात जिवंत बाळांसह पेट्या मांडल्या गेल्या. मार्टिन कूनी या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १९०३ ते १९४३ अशी चाळीस वर्षे तिकीट लावून हा देखावा चालवला. तो खरोखर पदवीधर डॉक्टर होता की नाही, याविषयी आजही शंका घेतली जाते. मात्र पालकांकडून तो एक पैसाही घेत नसे. प्रेक्षकांच्या तिकिटांवर परिचारिका, दूध आणि उष्णता यांचा खर्च भागे.

१०/ १९२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये अपुऱ्या दिवसांची जुळी जन्मली. एक जन्मतःच गेले. दुसरी मुलगी जेमतेम एक किलोची होती आणि तिच्यासाठी काही करता येणार नाही, असे रुग्णालयाने सांगितले. बापाने तिला टॉवेलमध्ये गुंडाळले, टॅक्सी पकडली आणि थेट कोनी आयलंड गाठले. ती मुलगी नव्वदी ओलांडून जगली. व्यवस्थेने हात टेकल्यावर बापाने धरलेली ती वाट चोपडा, शिरपूर किंवा साक्रीहून रात्री निघालेल्या कोणत्याही बापाला परकी वाटणार नाही.

११/ विसाव्या शतकाच्या मध्यावर रुग्णालयांनी हे काम हाती घेतले आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने दारे लावून घेतली. आईने बाळ काचेपलीकडून पाहायचे, हा नियम झाला. याच काळात प्राणवायू सढळ हाताने दिला गेला आणि हजारो बाळांची दृष्टी गेली. १९५० च्या दशकात अभ्यासांनी कारण स्पष्ट केले : अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांतील वाढत्या रक्तवाहिन्या अतिरिक्त प्राणवायूने बिघडतात. जीव वाचवणारे साधनही मोजून वापरावे लागते, हा धडा फार महागात पडला.

१२/ फुप्फुसांचे कोडे उशिरा सुटले. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी दाखवले की, या बाळांच्या फुप्फुसांत ‘सर्फॅक्टंट’ हा पदार्थ पुरेसा नसतो, त्यामुळे श्वास सोडताच वायुकोश मिटतात. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा ३९ तासांत याच विकाराने गेला. त्याचे वजन सुमारे २.१ किलो होते. जगातील सर्वांत सामर्थ्यवान बापाजवळही तेव्हा त्यावर उपाय नव्हता.

१३/ १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई यांनी आईला प्रसूतीपूर्वी स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे सिद्ध केले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसांपासून मिळवलेले सर्फॅक्टंट बाळांना यशस्वीपणे दिले. केनेडींच्या मुलाच्या वजनाचे बाळ आज जिल्ह्याच्या ठिकाणीही बहुधा वाचते, त्यामागे हे दोन शोध आहेत.

१४/ आईसाठी दार पुन्हा उघडले ते मात्र श्रीमंत देशांमुळे नव्हे. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे एका पेटीत दोन-तीन बाळे ठेवण्याची वेळ आली होती आणि संसर्ग पसरत होता. डॉ. एदगार रेय यांनी बाळे आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधायला सुरुवात केली. ‘कांगारू पद्धत’ अशी टंचाईतून जन्मली. पेटी कमी पडली, तेव्हा तिच्या आधीची ऊब आठवली.

१५/ महाराष्ट्रातही दोन मोठी पावले पडली. पहिले मुंबईत : शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. ती आशियातील पहिली मानली जाते. ज्या आईला दूध उतरले नाही, तिच्या बाळाला दुसऱ्या आईचे निर्जंतुक केलेले दूध मिळू लागले. जुळ्यांच्या आईसाठी तर ही सोय मोलाची, कारण तिला दोघांपुरते दूध लागते आणि बाळे ओढत नसल्याने ते हाताने काढावे लागते.

१६/ दुसरे पाऊल गडचिरोलीत पडले. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतील साक्षर स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, श्वास मोजणे, ऊब राखणे आणि जंतुदोषावर औषध देणे ही कामे त्या घरोघरी करत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले : तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. पेटी गावात नेता येत नव्हती, म्हणून पेटीतील ज्ञान गावात गेले.

१७/ २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल आला. महाराष्ट्रातील बालमृत्यू सरकारी दप्तरात दिसतात त्याहून पुष्कळ अधिक आहेत, असे त्याने दाखवले. मरण पावलेले बाळ नोंदीतही नसेल, तर त्याच्यासाठी खाट कोण मंजूर करणार? सातपुड्याच्या कुशीतील नंदुरबार-धुळ्याच्या पाड्यांसाठी हा प्रश्न केवळ आकड्यांचा नव्हता.

१८/ त्यानंतर व्यवस्था आकार घेऊ लागली. २००३ मध्ये पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्हा रुग्णालयात विशेष नवजात कक्षाचा नमुना उभा राहिला आणि तोच ‘एसएनसीयू’ म्हणून देशभर गेला. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी नवजाताला सरकारी रुग्णालयात मोफत उपचार आणि वाहन हा हक्क दिला. त्याच वर्षी गडचिरोलीची गृहभेटीची पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३ ऱ्या ते ४२ व्या दिवसापर्यंत सहा भेटी ठरल्या.

१९/ जुळ्यांविषयी एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील वूस्टर येथे बारा आठवडे आधी जन्मलेल्या जुळ्या बहिणींपैकी एक अत्यवस्थ झाली. परिचारिकेने दोघींना एकाच पेटीत ठेवले, तेव्हा ती शांत झाली आणि बहिणीचा इवलासा हात तिच्या खांद्यावर आला. चित्र हृदयस्पर्शी आहे, पण जुळ्यांना एकत्र झोपवण्याचा ठोस लाभ पुढील अभ्यासांत सिद्ध झाला नाही. इतिहासाच्या वाचकाने चित्र आणि पुरावा यांतला फरक ओळखायला हवा.

२०/ पुरावा मिळाला तो आईच्या स्पर्शाचा. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १ ते १.८ किलोच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीने ठेवले, तर २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे त्यात आढळले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षाच्या आत आणावी लागली. ब्यूदँचे म्हणणे आकड्यांनिशी खरे ठरायला सव्वाशे वर्षे लागली.

२१/ हा सगळा इतिहास आज एका दिनक्रमात उतरलेला दिसतो. कोपरापर्यंत हात धुऊन आत जाणे. दर दोन-तीन तासांनी दूध काढणे आणि नळीने किंवा बोंडल्याने पाजणे. दक्षिणेत ज्याला ‘पलाडै’ म्हणतात, ते आजीच्या फडताळातील बोंडलेच. एक बाळ आईच्या छातीशी, दुसरे बापाच्या किंवा आजीच्या. जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यातही टोपी-मोजे, कारण पंख्याखाली एवढे लहान बाळ गारठते. आणि जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. हा १९५० च्या धड्याचा उरलेला भाग आहे, आणि घरी जाण्याच्या आनंदात नेमका तोच विसरला जातो.

२२/ जुळ्यांच्या आईबापांची सर्वांत अवघड वेळ पुष्कळदा संकट टळल्यावर येते. एक बाळ वजन धरते आणि त्याला घरी सोडतात. दुसरे अजून नळीवर असते. आईने कोणाजवळ राहायचे? यंत्राजवळ याचे उत्तर नाही. ते घरातली माणसे, वॉर्डातील खाट आणि आशाताईची फेरी मिळून द्यावे लागते. घरी गेलेल्या बाळाला कोण छातीशी धरेल, यावर रुग्णालयातील बाळाला आई मिळेल की नाही, हे ठरते.

२३/ दीडशे वर्षांत पेटीचे लाकूड गेले, गरम पाणी गेले, वीज आली, पडद्यावर आकडे आले. प्रश्न मात्र तार्निए आणि ब्यूदँच्या वेळचाच आहे : दाराच्या आत आईबापांना जागा किती? धुळ्या-जळगावच्या कक्षाबाहेर चप्पल काढून उभा असलेला बाप जेव्हा पहिल्यांदा सदऱ्याची बटणे सोडून सव्वा किलोचे लेकरू छातीशी घेतो, तेव्हा तो पाहुणा उरत नाही. उपचाराचाच एक भाग होतो.

(समाप्त)