दफ्तरातील उमेदवारी

पेशवाईच्या काळी पुण्याच्या दफ्तरात कारकुनाच्या बैठकीशेजारी बसून जो पोरगा बोरू तासीत असे, त्याच्यापाशी कोणत्याही शाळेचा दाखला नसे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर घोटून आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत सारे मुखोद्गत करून तो मौंजीनंतर काही वर्षांनी चुलत्याच्या अथवा मामाच्या मागोमाग फडावर येई, आणि त्याचे खरे विद्यार्जन तेथे सुरू होई. जागा केव्हातरी रिकामी होईल आणि वरिष्ठांची मर्जी बसेल, या एका भरवशावर ती उमेदवारी चाले.

या विद्येचा क्रम कोठे लिहिलेला नव्हता, तरी तो ठरलेला होता. प्रथम अक्षर : कागदावर आधी आडवी रेघ ओढावयाची आणि तिला लगटून, हात होता होईल तो न उचलता, मोडीची ओळ पुरी करावयाची. मग नकला, आणि नकलांमागून मायने. कारण राजश्री कोणास, तीर्थरूप कोणास, आशीर्वाद कोठे आणि नमस्कार कोठे, यांत चूक झाल्यास ती लेखकापुरती न राहता दरबाराची आगळीक ठरे. त्यानंतर कालगणना. ज्या वर्षी थोरले माधवराव निवर्तले ते 1772 साल दफ्तरात ‘सलास सबैन मया व अलफ’ असे सुहूर सनाच्या अरबी अंकनामांनी नोंदले जाई, आणि त्यावरून शक व फसली साल क्षणात सांगता येणे हे कारकुनाच्या पोराला भागच होते. सर्वांत शेवटी हिशेब : रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद आणि पुढील सालच्या जमाखर्चाचा अदमास बांधणारा बेहडा. चूक झाली की शेजारचा जाणता कारकून तत्क्षणी बोट ठेवी. जाणत्याच्या सहवासात, खऱ्या कागदावर, खऱ्या जबाबदारीने मिळणाऱ्या या शिक्षणाविषयी मला नितांत आदर आहे. मराठी राज्याचा जो जमाखर्च आज इतिहासकारांच्या उपयोगी पडतो, तो असल्याच हातांनी लिहिलेला आहे.

परंतु या वर्षांत त्या मुलाला अन्न कोण घालीत असे? ज्याच्या घरी वतन अथवा इनाम, किंवा ज्याचा आप्त दफ्तरात, त्यालाच बिनपगारी शिकणे परवडे. 1756 साली वडील वारले तेव्हा नाना फडणीस चौदा वर्षांचे होते, आणि फडणिशी त्यांच्याकडे आली. त्यांची योग्यता वादातीत आहे. तथापि ते आत आले ते घराण्याच्या दारातून, आणि कुणब्याच्या तितक्याच कुशाग्र मुलाला ते दार कधी दिसलेही नसेल.

1818 साली राज्य पालटले, पण कचेरी पालटली नाही. मोडी न वाचणारा साहेब दफ्तरदाराच्या मुखाकडे पाही, दफ्तरदार आपल्या आप्तांकडे, आणि कचेरीत फुकट राबणारे उमेदवार रिकाम्या जागेकडे. ज्याला सरकार काही देत नाही आणि ज्याच्या हातून रयतेचा अर्ज पुढे सरकतो, त्याने त्याच रयतेकडून हात ओले करून घ्यावेत, यात नवल कसले! जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळांतून बाळबोधीबरोबर मोडी आणि हिशेबही शिकवावेत असे मागितले आहे. माझ्या मते त्या निवेदनातील ही मागणी पुरेशा लक्षपूर्वक वाचली गेलेली नाही. जे ज्ञान दफ्तराच्या बैठकीवर नात्यागोत्यातच मिळे, ते गावच्या शाळेत सर्वांसमोर मांडा, असेच तिचे तात्पर्य आहे.

शाहू छत्रपतींनी याच गाठीला दुसऱ्या टोकाने हात घातला. 1902 च्या जाहीरनाम्याने त्यांनी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या, आणि 1918 साली वंशपरंपरागत कुलकर्णी वतन बरखास्त करून गावोगाव पगारी तलाठी नेमले.

कारखान्यांतील शिकाऊंची कथा निराळी. 1850 च्या कायद्याने मुख्यतः अनाथ व निर्धन मुले करारावर कारागिराच्या हाती सोपवण्याची सोय केली होती. तो कायदा मागे पडून 1961 साली नवा शिकाऊ उमेदवार कायदा आला, आणि त्याने कराराची नोंदणी व शिकणाऱ्याचे विद्यावेतन ही मालकावर बंधनकारक केली. लेथजवळ उभ्या असलेल्या मुलाला शिकत असताना पैसे मिळावेत, हा त्याचा हक्क झाला. दफ्तरातील उमेदवाराला तो कधीच नव्हता.