गावच्या वाचनालयाची कुळकथा

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागले आणि यवत मागे टाकले की चौफुला यायच्या आधी भांडगाव लागते. दौंड तालुक्यातले, कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकवणाऱ्या पट्ट्यातले हे गाव. ज्येष्ठात तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडकडे निघते ती याच रस्त्याने. पालखीबरोबर चालणाऱ्या कितीतरी बायाबापड्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नसते, पण गाथेतले अभंग त्यांना मुखोद्गत असतात. ग्रंथ त्यांच्यापर्यंत पोचला तो कानावाटे.

गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे कूळ शोधायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. चातुर्मासात देवळात पोथी लागायची. वाचणारा एक, ऐकायला सगळी आळी. सांगता झाली की घराघरांतून वर्गणी, शिधा गोळा करून जेवण व्हायचे. ग्रंथ ही सगळ्या गावाची वस्तू आहे आणि तिचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो, हा रिवाज आपल्याकडे छापखान्याच्या आधीपासूनचा आहे.

पण या रिवाजात तीन गोष्टी बसत नव्हत्या. कोणती पोथी लावायची हे ठरलेले असे, ऐकणाऱ्याला आपल्या आवडीचा विषय मागता येत नसे. ऐकलेले पान घरी नेऊन पुन्हा वाचण्याची सोय नव्हती. आणि देवळात कुणी बसायचे, कुणी पायरीखाली उभे राहायचे, हेही जातीने ठरवून टाकलेले होते. हवे ते पुस्तक, घरी नेण्याची मुभा आणि सर्वांना मोकळे दार, ही तीन कामे ज्या संस्थेने अंगावर घेतली ती म्हणजे सार्वजनिक वाचनालय. ती पुरी करण्यात तिची दीडशेहून अधिक वर्षे गेली आणि अजूनही सगळे साधलेले नाही.

महाराष्ट्रातली पहिली फळी जिल्ह्याच्या ठिकाणी उभी राहिली. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, कोल्हापूर १८५०, सोलापूर १८५३. जिथे कचेरी, कोर्ट आणि इंग्रजी शाळा होती तिथे ग्रंथालय निघाले. पुढाकार बहुधा साहेब अधिकाऱ्यांचा, त्यांना जोड सरकारी नोकरीतल्या आणि इंग्रजी शिकलेल्या मंडळींची. यांतल्या अनेक संस्थांचे त्या वेळचे नावही ठरीव असे : नेटिव्ह जनरल लायब्ररी.

पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी फेब्रुवारी १८४८ मध्ये सुरू झाली. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. तिच्यामागे गोपाळ हरी देशमुख होते, म्हणजे लोकहितवादी. त्या महिन्यात त्यांनी वयाची पंचविशी गाठली आणि पुढच्याच महिन्यापासून 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांची शतपत्रे येऊ लागली. पत्रांतून ते ज्या ज्ञानासाठी लोकांच्या कानीकपाळी ओरडत होते, ते मिळण्याची जागाही त्यांनी आधीच उघडून ठेवली होती. इंग्लंडमध्ये नगरपालिकांना ग्रंथालयासाठी कर बसवण्याची मुभा देणारा कायदा १८५० साली झाला. पुण्याची लायब्ररी त्याच्याही दोन वर्षे आधीची, पण तिच्यामागे असा कुठला कर नव्हता. ती उभी राहिली देणग्यांवर आणि चालली वर्गणीवर. १८७९ मध्ये बुधवार वाड्याला आग लागली. त्याच वाड्यात असलेल्या या लायब्ररीचीही त्यात हानी झाली, तरी लोकांनी ती पुन्हा उभी केली.

वर्गणीने ग्रंथालय जगवले, आणि वर्गणीनेच त्याचे दार अरुंदही केले. महिन्याचे चार-आठ आणे ज्याला परवडतात तो सभासद. शिवाय कपाटे भरली होती ती मुख्यतः इंग्रजी पुस्तकांनी. शेतकरी, कारागीर, बायका यांच्यासाठी तिथे ना जागा होती, ना त्यांना वाचता येईल असे फारसे काही.

भाषेची अडचण आधी सुटली. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा ऐन विशीतले होते. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी ठरवले की मराठीत छापलेले पुस्तक मिळेल तेवढे जमवायचे आणि एका ठिकाणी ठेवायचे. मराठी ग्रंथांसाठीच मराठी माणसांनी ग्रंथालय काढावे, ही कल्पना त्या काळी नवी होती. पाच वर्षांनी, १८९८ मध्ये, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले आणि पुढे त्याच्या शाखा मुंबईच्या वस्त्यावस्त्यांत गेल्या. १९११ मध्ये पुण्यात पुणे मराठी ग्रंथालय उघडले. आता वाचकाला आपल्या भाषेतली कादंबरी, चरित्र, नाटक मागता येऊ लागले.

याच सुमारास भांडगावच्या शेजारी, केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनमध्ये छापखाना चालू होता. खिळे जुळवण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कामे तिथल्या बायका करत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले मराठी बायबल, १९२२ मध्ये त्या वारल्यानंतर, इथेच छापून पुरे झाले. ज्या बायकांना घरादाराने टाकले होते त्यांच्या हातून मराठीतला एवढा मोठा ग्रंथ छापून निघाला, तो दौंड तालुक्याच्या या माळावर. वाचन ही शहरी, शिकल्यासवरल्यांची मिरास आहे असे मानणाऱ्याला हा छापखाना पुरेसे उत्तर आहे.

तरी पुस्तक खेड्यात जायचे कसे, हा प्रश्न उरलाच होता. तो सोडवला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने. बडोद्याच्या गादीवर दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मुले शाळेतून बाहेर पडली आणि हाती वाचायला काही नसले तर शिकलेले विसरतात, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना त्यांनी बडोद्याला बोलावून घेतले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय लावले, ग्रंथपालांचे वर्ग काढले, आणि इंग्रजी, मराठी, गुजराती अशा तीन भाषांत निघणारे ग्रंथालयविषयक नियतकालिक सुरू केले. ते परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकरांनी हा संसार पुढे चालवला.

बडोद्याच्या या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी आजही मुळातून समजून घेण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे फिरती पेटी. मजबूत लाकडाची, कुलपाची पेटी. तिच्यात निवडक पुस्तके लावून ती गावच्या शाळामास्तरांकडे किंवा एखाद्या जबाबदार माणसाकडे धाडायची. पेटीतली पुस्तके गावभर फिरायची, वाचून झाली की पेटी परत जायची आणि नवी यायची. वाचणाऱ्याला एक पैसा पडत नसे. ज्या गावात कपाट ठेवायलासुद्धा खोली नव्हती तिथेही पेटी पोचू शकत होती.

दुसरी गोष्ट तीन वाट्यांची. गावाने वाचनालयासाठी काही रक्कम उभी केली की तेवढीच प्रांत पंचायतीने घालायची आणि तेवढीच राज्याने, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. गावाने पुढे यायचे आणि बाकीच्या दोघांनी खांदा द्यायचा. राज्याने आयते वाचनालय दिले असते तर ते सरकारी कचेरी झाले असते, आणि सगळे गावावर सोडले असते तर श्रीमंत गावांतच निघाले असते. या तिहेरी वाट्याने दोन्ही टाळले. बडोद्याच्या खेड्यापाड्यांत शेकडो वाचनालये निघाली ती यामुळेच.

ब्रिटिश मुलखातल्या आपल्या जिल्ह्यांना त्यासाठी थांबावे लागले. १९२१ मध्ये पुण्यात महाराष्ट्रातल्या वाचनालयांचा संघ उभा राहिला. १९३९ मध्ये मुंबई प्रांताच्या, बाळासाहेब खेरांच्या सरकारने असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मध्यवर्ती ग्रंथालयापासून विभाग, जिल्हा, तालुका आणि शेवटी गाव अशी उतरंड तिने आखून दिली. तोवर खेर सरकारने राजीनामा दिला होता, युद्ध पेटले होते, आणि अहवाल १९४७ पर्यंत पडून राहिला. कोल्हापूर संस्थानाने मात्र १९४५ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. देशातला तो पहिला. पाठोपाठ १९४८ मध्ये मद्रासने ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या प्रेरणेने कायदा केला आणि मालमत्तेच्या करावर ग्रंथालयासाठी उपकर बसवला.

महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. तो १ मे १९६८ पासून, महाराष्ट्र दिनी, लागू झाला. त्यात उपकर नाही. ग्रंथालय संचालनालय आले, आणि लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना मान्यता व अनुदान देण्याची रीत पक्की झाली. जिल्हा, तालुका आणि इतर असे प्रकार, त्यांत अ, ब, क, ड असे वर्ग. भांडगावएवढ्या गावातले नवे वाचनालय या शिडीच्या तळाच्या पायरीवर, 'इतर ड' वर्गात, पाय ठेवते. त्याच्या वर दौंडचे तालुका ठिकाण, मग पुण्याचा जिल्हा ग्रंथालय अधिकारी आणि विश्रामबागवाड्यातले शासकीय विभागीय ग्रंथालय.

अशा वाचनालयात पुस्तक कसे येते ते जवळून पाहावे. वर्षाच्या अनुदानातून पुस्तके घेतली जातात. प्रत्येकावर शिक्का उमटतो, दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळतो आणि तोच क्रमांक मुखपृष्ठामागच्या पानावर येतो. हरवले, फाटले, बाद झाले तरी त्या वहीतली ओळ राहते. मग देवघेव. सभासदाने अनामत आणि महिन्याची वर्गणी भरायची, नोंदवहीत सही करायची आणि पुस्तक घरी न्यायचे. वर्तमानपत्रांचे टेबल मात्र मुक्तद्वार. तिथे वर्गणी नाही, नाव नोंदवणे नाही. सकाळी चहा पिऊन आलेला म्हातारा, एसटीची वाट पाहणारा प्रवासी, जाहिरातींत नोकरी शोधणारा मुलगा, कुणीही बसावे. सार्वजनिक या शब्दाचा पुरता अर्थ ज्या एका टेबलाशी उतरतो ते हे टेबल. अलीकडे त्याच्याजवळ अभ्यासिकेची भर पडली आहे. पोलीस भरती आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना दोन खोल्यांच्या घरात जी शांतता मिळत नाही, ती गावातल्या गावात मिळू लागली आहे.

हा सगळा डोलारा एका माणसावर उभा असतो, आणि आपली व्यवस्था नेमकी तिथेच कंजूष आहे. ड वर्गाच्या वाचनालयाला अनेक वर्षे वर्षाकाठी ३० हजार रुपये अनुदान मिळत होते. त्यातला निम्मा भाग पगारासाठी. म्हणजे ग्रंथपालाच्या हाती महिन्याला साडेबाराशे रुपये. अनुदानात ६० टक्के वाढ झाल्यावरही हिशेब दोन हजारांच्या आसपासच राहतो. एवढ्यात कुणी पोट भरू शकत नाही. तो माणूस शेती किंवा शिकवण्या करून उरलेल्या वेळात कुलूप उघडतो, आणि लोक कामावरून परततात त्या वेळी दार बंद असते. शिवाय २०१२ नंतर कित्येक वर्षे नव्या वाचनालयांना मान्यताच मिळत नव्हती. ज्या गावात तोवर वाचनालय निघाले नव्हते, त्या गावच्या एका पिढीला वाट पाहावी लागली.

आपली शासनमान्य ग्रंथालये हा लोकांनी उभा केलेला ठेवा आहे. समाजाने आधी संस्था काढायची आणि सरकारने मागून हातभार लावायचा, ही पद्धत लोकहितवादींच्या पुण्यापासून चालत आली आहे. ती सोडू नये, कारण तिच्यामुळे कपाटात काय असावे हे गावाच्या हातात राहते. पण हातभार खरोखरीचा हवा. सयाजीरावांच्या राज्यात गाव, पंचायत आणि राज्य या तिघांचे वाटे सारखे होते, हे विसरता कामा नये. सप्ताहाला आणि यात्रेला मनापासून वर्गणी देणारे गाव वाचनालयालाही देईल. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातून दरवर्षी खोली, वीज आणि वर्तमानपत्रांचा खर्च उचलावा. आणि राज्याने एकच काम चोख करावे. वाचनालय रोज संध्याकाळी उघडे ठेवणाऱ्या माणसाला, त्याचे घर चालेल असा पगार द्यावा.