शेत, बी आणि स्त्रीबीज

मंडळी, आजचा विषय शरीरशास्त्राचा आहे. मी मात्र तत्त्वज्ञानाचा माणूस, त्यामुळे माझी वाट शब्दांवरून जाते. आपल्याकडे एक फार जुनी उपमा आहे : पुरुष म्हणजे बी, स्त्री म्हणजे शेत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तिची सविस्तर चर्चा आहे आणि तिथला प्रश्न मालकीचा आहे. पीक कोणाचं, बी टाकणाऱ्याचं की शेतवाल्याचं? दाखला गुरांचा दिलाय. दुसऱ्याच्या गाईला वळूपासून वासरू झालं, तर ते गाईच्या मालकाचं. आता बघा, वाद दोन मालकांचा. खुद्द गाईचा वाटा किती, हे कुणी विचारतच नाही.

ही समजूत एकट्या आपली नव्हती. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटल सांगत होता की आई द्रव्य पुरवते, आकार देतो बाप. आयुर्वेदानं मात्र शुक्र आणि आर्तव या दोघांच्या संयोगातून गर्भ मानला, हे नोंदवायलाच हवं. दुसऱ्या शतकातला गेलन स्त्रीलाही बीज असतं म्हणाला, पण तिच्या अंडाशयांना त्यानं वृषणच ठरवलं. त्याची शरीररचना जनावरं चिरून शिकलेली. गाय, म्हैस, कुत्री यांच्या गर्भाशयाला दोन शिंगं असतात. गाईचं वासरू बहुधा एकाच शिंगात वाढतं, कुत्रीची पिल्लं दोन्ही शिंगांत ओळीनं असतात. बाईचं गर्भाशय मात्र एकसंध, पेरूसारखं.

मग अंडं सापडायला इतका उशीर का झाला? 1672 मध्ये हॉलंडच्या द ग्राफनं सशिणींचं विच्छेदन करून अंडाशयावरचे फुगीर फोड नीट पाहिले आणि त्या फोडांनाच अंडी मानलं. खरं अंडं त्या फोडाच्या आत दडलेलं. गाईचा पिकलेला फोड दीड सेंटिमीटरचा, आतलं अंडं मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं! ते 1827 मध्ये फॉन बेअर यांना कुत्रीच्या अंडाशयात दिसलं. पुढं 1876 मध्ये हर्टविग यांनी सी अर्चिन या समुद्री प्राण्यात पाहिलं की फलनात अंड्याचं एक केंद्रक आणि शुक्रजंतूचं एक केंद्रक एकत्र येतात. बी दोघांचं, असं ठरलं. वर गर्भ पोसायचं काम आईचंच.

त्यानंतर दहाच वर्षांनी, 1886 मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्यांची नेमणूक झाली आपल्या कोल्हापुरात, आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागावर. तेच आजचं आपलं सीपीआर. पण कामावर रुजू होण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, त्या पुण्यात वारल्या. वय बावीसच्या आत.

1905 मध्ये अमेरिकेत नेटी स्टीव्हन्स या बाईंनी एका किड्यावर काम करून दाखवलं की नर की मादी हे शुक्रजंतूवर ठरतं. माणसातही तेच. आईच्या अंड्यात नेहमी एक्सच असतो. वाय आला तर बापाकडून. म्हणजे मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणं हे शास्त्रानं शंभर वर्षांपूर्वीच खोटं ठरवलंय. आणि 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली होत्या 839. शिकलेला, सधन, शाहू महाराजांचं नाव घेणारा जिल्हा हा!

आपली भाषा ऐका. ‘वांझ’ हा शब्द जमिनीलाही लावतो आणि बाईलाही. शाळेच्या पुस्तकात ‘स्त्रीबीज’ छापून आलं, घरात मात्र बाई अजून शेतच आहे. उपमा चुकीची ठरली तरी ती मरत नाही, मंडळी, कारण तिच्यावर कुणाची तरी मालकी उभी असते. तेव्हा पुढच्या वेळी घरात कुणी सुनेला नावं ठेवू लागलं, तर गप्प बसू नका. बी दोघांचं असतं, एवढं तरी सांगा.