नगरचे पाळक: मराठी की इंग्रजी?

अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं १८३१ मध्ये. पण हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली १८५४ मध्ये. म्हणजे तेवीस वर्षं गेली! त्याच सुमारास बोस्टनहून रुफस अँडरसन आले. पाळकांना मराठीतच शिकवा, हा त्यांचा आग्रह. इंग्रजी शिकलेला तरुण सरकारी नोकरी धरणार, आणि खेड्यातल्या मंडळीला त्याचा पगार झेपणार नाही. हिशेब व्यवहारी होता, हे आपण मान्य करू. पण मंडळीत पुढे महार-मांग समाजातली माणसं बहुसंख्य झाली. गावकीच्या कामांतून सुटायला इंग्रजी ही त्यांची एक वाट होती. तीच बंद होत होती, आणि ठरवणारे बोस्टनचे.