तलफ कुठे राहते?

व्यसन म्हणजे दुबळी इच्छाशक्ती, असं आपण सहज म्हणून जातो. इतिहास काय सांगतो? पावलॉव्हच्या कुत्र्यांना अन्नाआधीची टिकटिक ऐकूनच लाळ सुटे. माणसाची तलफही अशीच खुणांना बांधलेली असते. १९७१ मध्ये व्हिएतनाममधले कित्येक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स यांनी मायदेशी परतलेल्यांचा अभ्यास केला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकले जेमतेम ५ टक्के! हेरॉइन अमेरिकेतही मिळत होतंच. पण ती छावणी, ते सोबती मागे राहिले होते. कारणं आणखीही असतील. हे मात्र मोठं. तेव्हा तलफेशी झुंजण्याआधी आपण तिची खूण शोधू. चहाबरोबर सिगारेट आठवते ना? मग आधी चहाची जागा बदलू या.